तोंड रस्त्याकडे

सातवा प्रश्न असा होता: गाडी सुरू केल्यावर, ती हलवण्यापूर्वी, इंजिन किती वेळ चालू ठेवता? आणि त्याच ओळीत पुढे नुसतंच: कुठे?

पहिले सहा प्रश्न नंदकिशोर मुळावकरनं चुटकीसरशी उरकले होते. गाडी कोणती, किती जुनी, इंधन कोणतं, चालवतं कोण. अडतीस वर्षं एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. छापील रकाना दिसला की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. आर्णी रोडवरच्या पंपावर डिझेलच्या रांगेत सात-आठ गाड्या होत्या आणि कुठल्याशा कॉलेजातल्या एक मॅडम घामाघूम होत प्रत्येकाच्या हातात एकेक कागद देत होत्या. पंधरा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना गावाच्या मध्यभागी मज्जाव करावा असं घाटत होतं, त्यावर गाडीवाल्यांचं म्हणणं काय ते त्यांना गोळा करायचं होतं. म्हणणं तर रांगेत ऊतू चाललं होतं. पुढचा ट्रकवाला म्हणत होता, धूर ऑटोवाले सोडतात, ते घासलेट मिसळतात. ऑटोवाला म्हणत होता, एकदा एसटीच्या मागे उभं राहून पाहा. पांढऱ्या मोटारीतले एक डॉक्टर काच अर्धीच खाली करून म्हणाले की नव्या गाडीतून धूर येतच नाही, प्रश्न फक्त जुन्या भंगाराचा आहे, आणि हे म्हणताना त्यांनी नंदकिशोरच्या जीपकडे पाहिलं. ट्रॅक्टरवाला कागदच घेईना. कापसाचे दिवस आहेत, भाव हा असा, आता ट्रॅक्टर काय ढकलत नेऊ का, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या त्याच्या तोंडी दुसऱ्याचाच धूर होता. नंदकिशोरला मनातून गंमत वाटली, कारण मागच्या रविवारी वाहनधारकांच्या सभेत त्यानं याच चालीवर वीस मिनिटं भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या सभेचं निवेदनही आज संध्याकाळपर्यंत त्यालाच लिहून द्यायचं होतं. अशा मजेत त्यानं सातव्या प्रश्नापुढे 'पंधरा मिनिटे' असं वळणदार अक्षरात लिहिलं. मग 'कुठे?' पुढे 'घरी' लिहायला पेन टेकवलं आणि ते टेकलेलंच राहिलं. शाईचा एक ठिपका कागदात हळूहळू पसरला.

"नसेल लिहायचं तर राहू द्या काका," मॅडम म्हणाल्या. "बरेच जण तो सोडतात."

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि नंतर आणून देतो म्हणाला. अर्धवट भरलेला कागद घेऊन निघून जाणारी माणसं त्याला आयुष्यभर आवडली नव्हती.

घरी म्हणजे पोर्चमध्ये. पोर्चमध्ये म्हणजे पूर्वेकडच्या खोलीच्या खिडकीखाली. यात काही नवं नव्हतं, अठरा वर्षं तो हे रोज डोळ्यांनी पाहत होता. पण पाहणं वेगळं आणि रकान्यात लिहायची पाळी येणं वेगळं. जीप चालवत तो घराकडे निघाला, आणि आरशात मागे राहणारा धूर दिसू नये म्हणून की काय, समोर जरा जास्तच निरखून पाहू लागला. ही जीप त्याच्याच कचेरीची. साहेब तिच्यातून दौऱ्यावर जायचे तेव्हा नंदकिशोर खिडकीतून फायली खालीवर करत ती जाताना बघायचा. पुढे ती निर्लेखित झाली, लिलावात निघाली, आणि चार भंगारवाल्यांच्या वर आवाज चढवून त्यानं ती घेतली. दसरा दोन दिवसांवर होता. घरी शीलानं, त्याच्या बायकोनं, जीपला हळदकुंकू लावलं आणि दहा वर्षांची मुलगी भैरवी पुढच्या सीटवर चढून बसली ती उतरायलाच तयार होईना. कचेरीचा ड्रायव्हर रामधन जीप पोचवायला आला होता. जाताना त्यानं दोन गोष्टी बजावल्या. पहिली, थंडं इंजिन तापल्याबिगर हलवाचं नाही बाबूजी, पाव घंटा चालू ठेवाचं, नाही तर त्याचं आयुष्य गेलंच समजा. दुसरी, साहेबाची गाडी कधी भिंतीकडे तोंड करून उभी राहत नाही; तोंड रस्त्याकडे, केव्हाही निघायले तयार. नंदकिशोरनं दोन्ही गोष्टी व्रतासारख्या पाळल्या. रोज संध्याकाळी कचेरीतून आला की तो फाटकाबाहेर थांबायचा, मान मागे वळवायचा आणि एका दमात जीप उलटी पोर्चमध्ये घालायचा. शेजारपाजारचे बघायचे. साहेब झाला नाही तो नाही, पण साहेबाच्या गाडीचं उभं राहणं तरी त्याच्या दारात आलं होतं. आणि तोंड रस्त्याकडे म्हटल्यावर शेपूट घराकडे, हे ओघानंच आलं. सायलेन्सरची नळी खिडकीच्या गजांपासून हातभर अंतरावर.

पहाटे साडेपाचला तो उठायचा, किल्ली फिरवायचा, इंजिन दोनदा ठसकून सुरू व्हायचं, आणि ते तसं धडधडत ठेवून तो मागच्या अंगणात जायचा. तोंड धुणं, चहा, स्तोत्र. स्तोत्र संपलं की पंधरा मिनिटं झालेली असायची, घड्याळ बघावं लागत नसे. सुट्टीच्या दिवशीही हे चुकलं नाही. रोज तापवली नाही तर बॅटरी बसते. निवृत्तीनंतर तर सकाळी जायला ठिकाणच नव्हतं, तरी जीप तापायची आणि परत गार व्हायची. आणि त्याच वेळी, बरोबर त्याच पंधरा मिनिटांत, पूर्वेच्या खोलीत भैरवी तंबोरा मांडीवर घेऊन बसलेली असायची. नाव आजोबांनी ठेवलेलं, गळाही त्यांच्याकडूनच आलेला. गुरुजी सांगायचे, पहाटेचा खर्ज, पोटापर्यंत श्वास घे, धरून ठेव, मग सोड. पोरगी आज्ञाधारक होती. गुरुजी सांगतील तितका खोल श्वास घ्यायची, आणि खिडकीची डावी झडप कधीच नीट लागत नसे.

दसऱ्याला जीप आली आणि थंडीत भैरवीला खोकला सुरू झाला. हा हिशोब मांडायला काही हेडक्लार्क असावं लागत नाही. पण त्याच्या डोक्यात हा हिशोब आला नाही, याचं कारण घरामागे बोळ होता आणि बोळापलीकडे कापसाची जीन होती. कापसाच्या गावात छाती भरली की माणूस जिनाकडेच बोट दाखवणार. हंगामात दिवसरात्र यंत्रं चालायची, सरकी वेगळी, रुई वेगळी, आणि रुईचे तंतू उडत उडत वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, दुधाच्या भांड्यावर येऊन बसायचे. दिसायचे. पांढरे, हलके, बोटांनी उचलून दाखवता येण्याजोगे. डॉक्टरांपुढे त्यानं एकदा रुमालात गुंडाळून नेले होते. डॉक्टरांनी छाती तपासली, ते तंतू बघितले, आणि विचारलं होतं, घरात धूर वगैरे? चूल? तो लगेच म्हणाला होता, छे, आमच्याकडे गॅस आहे. किती ताठ मानेनं म्हणाला होता ते. आता सिग्नल नसलेल्या चौकात उगाच ब्रेक दाबून थांबलेल्या नंदकिशोरला ते उत्तर आपल्याच आवाजात ऐकू आलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला.

भैरवी दहावीत होती तेव्हा त्यानं पहिला अर्ज केला. विषय: निवासी भागातील जिनिंगमुळे नागरिकांच्या आरोग्यास होणारा उपद्रव. अर्ज लिहिणं ही त्याची तलवार होती. बाकी कशात नाही तरी यात त्याला कोणी हरवलं नसतं. आठ वर्षं तो लिहीत राहिला. स्मरणपत्रं, प्रती माहितीसाठी, संदर्भ क्रमांक अमुक. वर्तमानपत्रात दोनदा नाव आलं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, मुळावकर, पोरीसाठी बाप असावा तर असा. तेवढ्यात कापसाचं गणितच बिघडलं. खरेदीचा ठिकाणा नाही, भावाचा ठिकाणा नाही, गावोगावच्या बातम्या वाचवेनात. आणि अशा दिवसांत जीनमालकाला हुकूम आला की धूळ अडवायला बंदिस्त शेड बांधा. या मंदीत कोण बांधतो म्हणून त्यानं सरळ कुलूप घातलं. नंदकिशोरनं पेढे वाटले. भैरवीचं तोवर लग्न होऊन ती पुसदला गेली होती. गाणं त्याआधीच सुटलं होतं, विशारदच्या परीक्षेत तानेच्या मध्येच श्वास संपला आणि ती परीक्षकांना नमस्कार करून उठून आली, पुन्हा तंबोऱ्याची खोळ काढली नाही. जीन बंद झाल्याचा फोन त्यानं पुसदला केला तेव्हा तो अक्षरशः ओरडला होता: ये आता, मोकळ्या हवेत ये. ती आली, गुंजनला घेऊन, पोरगी तेव्हा सात महिन्यांची. एक रात्र नीट गेली. सकाळी भैरवी उंबऱ्यावर बसून खांदे वर उचलून श्वास ओढत होती आणि बाळ खोकत होतं. नंदकिशोर म्हणाला, भिंतीत मुरलेली रुई आहे ही, आणि पुढच्याच आठवड्यात सगळ्या घराला चुना मारून घेतला. त्यानंतर नात या घरात झोपली नाही. भैरवी येते, वर्षातून दोनदा, एकटी, एका रात्रीपुरती. शीला गप्प राहते. नंदकिशोरनं मनाशी ठरवून टाकलं होतं की जावयाच्या घरचे सोडत नसतील, किंवा पोरीच्याच मनात काही असेल. पुसदला भैरवीच्या घरामागे दोन जिनिंग कारखाने आहेत हे त्यानं पहिल्याच भेटीत पाहिलं होतं. तिथे तिची छाती का भरत नाही, हे मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही. माणूस साप म्हणून भुई धोपटत असला की त्याला मध्येच थांबवणारं काही नको असतं.

घर आलं. हाताला सवय होती, त्यानं फाटकाबाहेर थांबून मान मागे वळवली, आणि तसाच बसून राहिला. मागच्या काचेतून पूर्वेची खिडकी दिसत होती. तिच्याखालचा भिंतीचा पट्टा, चुना मारून चार वर्षंही झाली नव्हती, कोळशानं रंगवल्यासारखा होता. दर शनिवारी शीला त्या खिडकीचे गज ओल्या फडक्यानं पुसायची. फडकं काळं व्हायचं. एकदा तिनं ते त्याच्यापुढे धरून विचारलं होतं, काहून हो, हे काळं कुठून येते? आणि तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, जिनातलं. रुई पांढरी असते. यवतमाळात जन्मलेल्या, कापसाच्या गाड्यांमागे धावत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला रुई पांढरी असते हे कळायला चौसष्ट वर्षं लागावीत.

त्यानं जीप फाटकाबाहेरच बंद केली. ओट्यावर खेमसिंग वाट पाहत बसला होता. खेमसिंगची काळी-पिवळी जीप यवतमाळ ते आर्णी चालते. आर्णीच्या अलीकडे त्याचा तांडा. नव्या नियमाची पहिली कुऱ्हाड त्याच्या गाडीवर पडणार होती, म्हणून निवेदनासाठी तो सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. कालच पुसदहून आलेल्या भैरवीनं त्याला चहा दिला होता आणि ती दारातच उभी होती. निवेदन झालं का, असं त्यानं विचारलं. नंदकिशोर म्हणाला, संध्याकाळी. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं खेमसिंगच्या आईची, रुपीबाईची चौकशी केली.

"याडीचा खोकला तसाच आहे काकाजी. वीस वर्सं जिनात रुई उचलली तिनं. आत गेलती ते काय निघते आता," खेमसिंग म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "मीबी तिथंच होतो ना, गठाणीवर. तुमचा अर्ज गेला अन् कुलूप लागलं, मंग मी जीप घेतली. तव्हा लई जोर होता तुमच्या लिहिण्यात. आता तोच जोर आमच्यासाठी लावा. तुमच्यावाणी लिहिणारा गावात दुसरा नाही."

त्यानं खरोखर कौतुकानं म्हटलं होतं, आणि तेच नंदकिशोरला सहन होईना. आठ वर्षांच्या त्या सगळ्या अर्जांत निवासी भागातले नागरिक होते, शाळकरी मुलं होती, तुळशीवरची धूळसुद्धा होती. कुंपणाच्या आत दिवसभर त्या रुईत उभ्या असणाऱ्या बाईच्या छातीबद्दल एक ओळ नव्हती. तिची छाती खरंच रुईनं गेली होती. जिच्याबद्दल लिहिलं तिची रुईनं गेली नव्हती, आणि जिची गेली तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं. खेमसिंग राम राम करून गेला. तो उठला तेव्हा भैरवीनं कप उचलला आणि फाटकाबाहेर उभ्या जीपकडे एकदा पाहिलं, मग वडिलांकडे, आणि आत गेली.

जेवण झालं. चारच्या बसनं भैरवी निघणार होती. शीला गुंजनसाठी केलेले बेसनाचे लाडू, तिळाची चटणी, एक झबल्याचं कापड असं पिशवीत भरत होती, आणि झबलं घालण्याएवढी नात आता राहिली नाही हे भैरवीनं तिला सांगितलं नाही. नंदकिशोर पूर्वेच्या खोलीत जाऊन उभा राहिला. कोपऱ्यात खोळीतला तंबोरा, खाटेवर घडी घातलेलं पांघरूण. काल रात्री भैरवी इथं झोपली होती आणि आज पहाटे पाचलाच उठून फिरायला गेली होती. सासरी लागलेली सवय, असं तो समजत आला होता. पण पुसदहून कोणी सांगितलं नव्हतं की ती पहाटे फिरते. आणि दर वेळी निघताना ती जीप सुरू व्हायच्या आत पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायची, जीप तिथे आली की चढायची. आपल्या घरातून जायची एवढी घाई, म्हणून तो मनातल्या मनात दुखावला जायचा. पंधरा मिनिटं इंजिन तापेपर्यंत इकडे तो रागावलेला असायचा आणि तिकडे ती झाडाखाली उभी.

साडेतीनला तिनं आईला नमस्कार केला, पिशवी उचलली आणि कडुलिंबाकडे निघाली. नंदकिशोरनं किल्ली खुंटीलाच राहू दिली. चपला घालून तो तिच्या मागोमाग गेला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, आज चालत जाऊ. दोघं चालू लागली. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती, वरती माणसं कापसात रुतून झोपलेली. कालपासून उभ्या होत्या त्या. एक ट्रक धूर सोडत गेला, भैरवीनं पदर नाकाला लावला, आणि तो जाईपर्यंत नंदकिशोर तिच्याकडे बघत राहिला. त्यानं भाषणं केली होती, अर्ज लिहिले होते, पण हे कसं बोलायचं ते त्याला येत नव्हतं.

"भैरवी," तो शेवटी म्हणाला, "ते जिनाचं नव्हतं. जीपचं होतं. मला आज कळलं."

तिनं नाकावरचा पदर काढला.

"मला माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"दहावीत होते. म्हटलं होतं ना तुम्हाला, जीप जरा तोंड भिंतीकडे करून लावा म्हणून. तुम्ही म्हणाले, साहेबाची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहत नसते."

त्याला आठवलं. तो हसला होता तेव्हा, हेही आठवलं. पुन्हा का नाही म्हणालीस, असं त्यानं विचारलं. विचारताना आवाज चढला, जणू चूक तिचीच.

"मग तुम्ही अर्ज लिहायला लागले," भैरवी म्हणाली. "कचेरीतून थकून यायचे, मी खोकलले की कागद घेऊन बसायचे. गावभर माझ्यासाठी भांडून राहिले होते. माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं, बाबा. ते सगळं चुकीचं आहे असं तुम्हाला कसं सांगू?"

पिशवीचा बंद त्याच्या बोटांत रुतत होता. त्यानं हात बदलला. पोरीनं गळा दिला होता, बापाचं भांडण मोडू नये म्हणून. आणि बाप पेढे वाटत होता.

"अन् गुंजन?"

"म्हणूनच आणत नाही तिला," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. "तिच्यासाठी तुम्हाला दुखवणं जमलं असतं. पण मग आधीचं सगळंच निघालं असतं."

"तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"फडकं आईच धुते ना, बाबा."

पुसदची बस लागलेली होती. तो म्हणाला, आता मी जीप काढून टाकतो, आता आण गुंजनला, नाताळात आण, शाळेला सुट्टी असेल. भैरवी म्हणाली, आणीन. वृद्ध माणसांना जसं आपण हो म्हणतो तसं म्हणाली. खिडकीशी बसल्यावर तिनं त्याला बाजूला व्हायला खुणावलं, कारण तो बसच्या मागच्या बाजूला उभा होता आणि बस सुरू होत होती. तिचा पहिला विचार हा होता.

परत आल्यावर तो लिहायला बसला. निवेदन दोन पानी झालं. जुन्या गाड्या एकदम बंद केल्या तर त्यांच्यावर जगणाऱ्यांचं काय, त्यांना मुदत द्या, गाडी बदलायला मदत द्या, हे त्यानं पूर्वीच्याच जोरानं लिहिलं. पण सुरुवात 'आम्ही खाली सही करणारे' अशी होईना. सुरुवात झाली ती 'माझ्याकडे अठरा वर्षे डिझेल जीप आहे' अशी, आणि मग खिडकी आली, तंबोरा आला, रुपीबाईसुद्धा आली. दिवेलागणीला खेमसिंग आला. त्यानं पहिलं पान सावकाश वाचलं, परत वाचलं.

"काकाजी, हे कायले लिहिलं? हे वाचलं तर उद्याच बंद करतील आमची."

नंदकिशोर म्हणाला, हे वगळून मला आता लिहिता येत नाही. म्हातारा ऐन वख्ती उलटला, असं खेमसिंगच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, पण तो वाकडं बोलला नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतो म्हणाला, दोन्ही पानं नीट एकावर एक ठेवून परत दिली, आणि आपल्या जीपकडे गेला. ती सुरू होताना काळा ढग फाटकाच्या आत आला. नंदकिशोर तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्याला जाग आली. किल्ली खुंटीवर होती, जीप अजून फाटकाबाहेर. तो मागच्या अंगणात चहा घेऊन बसला. स्तोत्र म्हणायला घेतलं, पण धडधड नसल्यामुळे ते कुठे संपवायचं ते कळेना, मध्येच थांबला. इतक्या वर्षांत या वेळी घरातले आवाज त्यानं ऐकले नव्हते. शीला उठल्याचं त्याला ऐकू आलं. ती पोर्चमध्ये आली, थोडी थांबली आणि वळली. मग पूर्वेच्या खोलीत कडी वाजली. तिनं खिडकी उघडली होती, दोन्ही झडपा, भिंतीला टेकेपर्यंत. अठरा वर्षांत या वेळेला ती खिडकी कधी उघडली गेली नव्हती. तो उठून खोलीच्या दारात गेला. पहाटेची गार, स्वच्छ हवा आत येत होती, रिकाम्या खाटेवरून, घडी घातलेल्या पांघरुणावरून, तंबोऱ्याच्या खोळीवरून. शीला गज धरून बाहेर बघत उभी होती. तो कान देऊन ऐकत राहिला. कोणी खोकलं नाही. आत कोणी झोपलेलंच नव्हतं.